एकोणीस वेळा

सिनेमा संपून दिवे लागले तरी लोक अजून हसतच होते. मयूरी बिराजदार मात्र खुर्चीतून उठली ती धुमसतच. जिना उतरताना तिनं मागे वळून व्यंकटेशला विचारलं, "हे असलं लिहिताना यांना काहीच कसं वाटलं नाही रे?"

व्यंकटेश चिप्पा हसल्यासारखं करून खाली बघत उतरत राहिला.

दोघांची मैत्री बारा वर्षांची. मयूरी सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. व्यंकटेश चित्रकथा काढायचा आणि नव्या पेठेत चित्रकथांचं छोटं वाचनालय चालवायचा. दर शनिवारी सकाळी त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून दोघं 'मधली रांग' नावाचा कार्यक्रम रेकॉर्ड करायची. आठवड्यातला नवा सिनेमा, एखादी मालिका, एखादी चित्रकथा आणि त्यावर मनसोक्त भांडण. मयूरी तोफा डागायची, व्यंकटेश सावकाश चिमटे काढायचा. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. एखादं अक्षर जिभेवर अडून बसलं की चार-पाच सेकंद हलायचं नाही. ते सेकंद कार्यक्रमातून कापायचे नाहीत, हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता. ऐकणाऱ्यांनाही आता त्याची सवय झाली होती.

आणि आजचा सिनेमा होता 'बोल की मारुती'. नायकाचा थोरला भाऊ मारुती अडखळत बोलतो, एवढाच त्यातला विनोद. तो अडखळला की ढोलकी वाजायची. मुलगी बघायला गेला की ढोलकी, देवाला नवस बोलला की ढोलकी. सगळ्यात मोठा हशा पिकला तो घराला आग लागते त्या प्रसंगाला. मारुती अग्निशमन दलाला फोन करतो, पण 'मंगळवार पेठ' हा पत्ता काही त्याच्या तोंडून निघत नाही. पलीकडचा माणूस विचारतो, "मंगळसूत्र? मंगलाष्टका?" मागे घर जळत राहतं आणि पुढे थिएटर खदखदत राहतं.

शनिवारी माईकसमोर मयूरी तुटून पडली. "माणसाच्या घशात शब्द अडकतो तेव्हा त्याचा जीव अडकलेला असतो," ती म्हणाली. "त्यावर ढोलकी वाजवणारे हे लोक विनोदी नाहीत, निर्दय आहेत. मला या सिनेमात एकदाही हसू आलं नाही. एकदाही नाही!"

व्यंकटेशच्या वाट्याचा वेळ आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मला अ… अजून विचार करायचाय. पुढच्या शनिवारी बोलतो."

पुढचा शनिवार यायच्या आधी सोमवार आला.

मयूरी पहिला तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आली तर सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या, आणि तिला बघताच त्या एकदम वर झाल्या. गणिताच्या सरांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर तिचा फोटो होता. त्याच्याखाली दोन तास अकरा मिनिटांची एक लांबलचक नागमोडी रेघ आणि रेघेवर एकोणीस लाल ठिपके. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एकदाही हसू आलं नाही म्हणणाऱ्या समीक्षक एकोणीस वेळा हसल्या. तोंड खोटं बोलतं, शरीर खोटं बोलत नाही. पडसाद.'

'पडसाद' येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. राज्यातल्या बहुतेक थिएटरांत खुर्चीच्या हातामध्ये अंगठ्याएवढं एक रडार बसवलेलं असायचं. विमानं शोधणारं रडार असतं, तत्त्व तेच. लहरी सोडायच्या आणि परत आलेल्या लहरींतला फरक मोजायचा. फक्त हे रडार इतकं बारीक होतं की खुर्चीत बसलेल्या माणसाची छाती हृदयाच्या ठोक्यागणिक मिलिमीटरच्या काही अंशांनी हलते, तेवढं हलणंसुद्धा त्याला कळायचं. हसू तर फारच सोपं. माणूस हसतो तेव्हा छातीखालचा पडदा श्वास एका दमात न सोडता झटक्याझटक्यानं सोडतो, सेकंदाला साधारण पाच झटके. ओठ मिटून हसू दाबलं तरी पडदा हलतोच. ठोके, श्वास आणि झटके यांची गोळाबेरीज करून पडसाद प्रत्येक सिनेमाला शंभरपैकी अंक द्यायचा, आणि लोक परीक्षणं वाचायचं सोडून तो अंक बघून तिकिटं काढायचे. 'बोल की मारुती'ला सत्त्याऐंशी मिळाले होते.

सामान्य प्रेक्षकाचं नाव गुप्त राहायचं. समीक्षकांचं तसं नव्हतं. पहिल्या दिवसाच्या खेळाचा पास हवा असेल तर 'पारदर्शकतेसाठी' आपली नोंद जाहीर करायला संमती द्यावी लागायची. मयूरीनं सही केली होती, व्यंकटेशनंही. तेव्हा दोघांनी त्यावर विनोद केले होते.

दुपारपर्यंत मयूरीला जगणं नकोसं झालं. बारावीच्या वर्गात फळ्यावर कुणीतरी मोठा १९ काढून ठेवला होता. कार्यक्रमाच्या पानावर शिव्यांचा खच पडला. प्राचार्यांनी बोलावून "तुमचा खाजगी छंद आहे, पण कॉलेजचं नाव येतंय," असं गोड आवाजात सुनावलं. घरी पोचेपर्यंत तिच्या रागाला उकळी फुटली होती. आल्या आल्या तिनं फोन समोर ठेवला आणि व्हिडिओ काढला.

"मला सर्दी झाली होती," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. "खोकल्याचे झटके आणि हसण्याचे झटके यांतला फरक या दीडशहाण्या यंत्राला कळत नाही. आणि तुम्ही एवढा तरी विचार करा. माझ्या शेजारच्या खुर्चीत व्यंकटेश बसला होता. ज्या माणसाचं अडखळणं मी बारा वर्षं ऐकतेय, त्याच्या शेजारी बसून मी हे बघून हसेन?"

व्हिडिओ तासाभरात हजारोंनी पाहिला. अनेकांना तो पटला. तिला स्वतःलाही जवळजवळ पटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत ती लोलक आवरत असताना व्यंकटेश दारात येऊन उभा राहिला. तो कॉलेजात कधी यायचा नाही.

"ये ना," ती म्हणाली. "पाहिलास ना व्हिडिओ? कसा धुतला त्यांना!"

"तू हसलीस," व्यंकटेश म्हणाला.

"कोण म्हणतं? ते यंत्र?"

"म… मी म्हणतो. शेजारी मीच होतो बे. डाव्या कानाशी ऐकलं सगळं."

मयूरीनं हातातला लोलक टेबलावर ठेवला. "अरे, खोकला होता मला—"

"हसलीस त्याचं काही नाही. अख्खं थिएटर हसायलं होतं. पण तू माझं नाव घेऊन ख… ख… खोटं बोललीस. मी काय तुझं कॅरेक्टर सर्टिफिकेट आहे?"

आता तिचाही तोल गेला. "वा! शिव्या मी खाल्ल्या, कॉलेजात लाज माझी निघाली. कुणासाठी? तुझ्या बाजूनं भांडले ना मी!"

"मी सांगितलं होतं भांड म्हणून?"

"तू तर काही बोललाच नाहीस!"

"कारण मला वेळ ल… लागतो, मयूरी." त्याचा चेहरा लाल झाला होता. अडखळण्यामुळे नव्हे, रागानं. "तू तेवढ्यात माझंपण बोलून टाकलंस."

तो गेला. त्या शनिवारी 'मधली रांग' झाली नाही. असं गेल्या सहा वर्षांत एकदाच झालं होतं, व्यंकटेशला डेंग्यू झाला तेव्हा.

स्वतःची नोंद मागायचा हक्क प्रत्येक प्रेक्षकाला होता. मयूरीनं ती मागवली होती ती पडसादला खोटं पाडायला. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती बसली. खोकला कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. एकच मोठा धक्का, मग श्वास आत. पडद्यावर तसं काही नव्हतं. तिथं एकसारखे, जवळजवळ, लहान लहान दात होते, करवतीसारखे. सेकंदाला पाच. विद्यार्थ्यानं असा आलेख आणून खोकला म्हटलं असतं तर तिनं वही परत केली असती.

चौथा ठिपका एक्केचाळिसाव्या मिनिटाला होता. आगीचा प्रसंग. सहा सेकंद. 'मंगळसूत्र' हा शब्द ऐकू आल्यापासून हसू सुरू व्हायला सेकंदाचा अर्धा भागसुद्धा लागला नव्हता. एवढ्या वेळात माणसाला बरं-वाईट ठरवता येत नाही. शब्द कानात शिरला, पोटात उकळी फुटली, तोंडातून फस्सकन बाहेर आली. मग लाज. मग शेजारी व्यंकटेश आहे याची आठवण. आणि मग तिनं हातरुमाल तोंडावर दाबून पुढचा सगळा सिनेमा त्या लोकांवर दात खात काढला. मधूनमधून तरीही हसत.

तिनं लॅपटॉप मिटला. सिनेमावरचा तिचा राग खोटा नव्हता. पण त्यातला अर्धा राग तिचा स्वतःवरचा होता आणि तो तिनं खुशाल त्यांच्या अंगावर ओतला होता.

ती तशीच उठून वाचनालयात गेली. व्यंकटेश पुस्तकांना कव्हरं घालत होता. मयूरी दारातच म्हणाली, "हसले मी. आगीच्या वेळी सगळ्यात जास्त. आणि तुझ्या नावाआड लपले. चुकले."

त्यानं स्टूल पुढे सरकवलं. हातातल्या कव्हराच्या कडा त्यानं दुमडल्या. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांचा होतो. अ… अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. घरात मी एकटा. अ… अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि पत्ता निघेना. पलीकडच्या बाईला वाटलं, कुणीतरी च… चेष्टा करायलंय. तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन हिसकावून घेतला."

"अप्पा—"

"तेव्हा वाचले. नंतर नऊ वर्षं जगले. पण त्यांनी तो फोन ऐकला होता पडल्या पडल्या."

बारा वर्षांत त्यानं वडिलांची ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. आता काही बोलू नये, एवढं मयूरीला कळलं.

"मला एक सांग," व्यंकटेशनं कव्हर बाजूला ठेवलं. "सही दोघांनी केली. त्यांनी तुझा आलेख छापला. माझा का न… नाही?"

"तू सिनेमाला वाईट म्हणाला नाहीस. त्यांना तुझी काय गरज?"

"मग आपणच बघू."

त्याची नोंद तीन दिवसांनी आली. फ रांग, बारावी खुर्ची. एक्केचाळिसाव्या मिनिटाला रेघ सरळ उभी चढली होती. ठोके मिनिटाला एकशे अडतीस. श्वास अकरा सेकंद बंद. तळव्याचा घाम कळला असता तर तोही लिहिला असता. आणि बाजूच्या रकान्यात यंत्रानं शेरा मारला होता: 'उत्कंठा: अत्युच्च. प्रसंग कमालीचा रंगला.'

शेवटच्या पानावर फुलांच्या नक्षीत अभिनंदन होतं. 'बोल की मारुती'त सर्वाधिक रंगून गेलेल्या शहरातल्या पहिल्या दहा प्रेक्षकांत फ-बाराचा क्रमांक तिसरा लागला होता. पुढच्या विनोदी सिनेमाचं एक तिकीट सप्रेम भेट.

व्यंकटेशनं ते पान दोनदा वाचलं. त्याचे ओठ हलले, पण एकही अक्षर बाहेर येईना. मयूरीनं त्याला इतकं संतापलेलं कधीच पाहिलं नव्हतं. 

"ती म… माझी भीती होती," शेवटी तो म्हणाला. "यांनी ती करमणुकीत घातली. त्या सत्त्याऐंशीमध्ये मी आहे!"

शनिवारी 'मधली रांग' पुन्हा झाली. सुरुवात मयूरीनं केली.

"मी एकोणीस वेळा हसले," ती म्हणाली. "खोकल्याची गोष्ट खोटी होती. यंत्रानं बरोबर मोजलं. आता ऐका. गुदगुल्या केल्या तर मी हसेन, म्हणून गुदगुल्या करणारा थोर होत नाही. हसू पोटातून येतं, अर्ध्या सेकंदाच्या आत. मत बनायला त्याहून जास्त वेळ लागतो. घरी जावं लागतं, लाज वाटावी लागते, कुणाशी तरी बोलावं लागतं. तो सिनेमा मला हसवू शकला, हीच तर माझी तक्रार आहे. आणि पडसादवाल्यांनो, माझा पहिला अर्धा सेकंद म्हणजेच खरी मी आणि नंतर विचार करणारी मी खोटी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग तिनं यंत्राची खोट सांगितली. गाडीचा काटा ऐंशी दाखवतो, पण ती वरातीला चालली आहे की दवाखान्यात, हे काट्याला ठाऊक नसतं. ठोक्यांचंही तसंच. आनंदानं, भीतीनं, अपमानानं हृदय सारखंच धावतं. रडार ते किती धावलं एवढंच सांगतं, कशासाठी ते सांगत नाही. पडसादनं त्यावर एक आयता तोडगा काढला होता. आजूबाजूचे बहुतेक जण त्या क्षणी हसत असतील, तर ज्याचे ठोके वाढले तोही मजेत आहे असं धरायचं. तीनशे माणसं हसत असतील तर तीनशे एकावा घुसमटतो आहे, हे त्या हिशेबात बसतच नव्हतं.

त्यानंतर व्यंकटेश बोलला. अप्पांचा फोन, फ-बाराची नोंद, फुलांची नक्षी, सगळं. दुसऱ्या कुणाला चार मिनिटं लागली असती, त्याला तेरा लागली. मयूरीनं मध्ये हूं की चूं केलं नाही. शेवटी तो म्हणाला, "सिनेमा क… काढणाऱ्यांना मी शिव्या देणार नाही. वाईट सिनेमे निघतात, आपण बोलतो, भांडतो. पण भांडायच्या आधीच खुर्चीनं माझं मत देऊन टाकलं. ते मला म… मान्य नाही. तुमची नोंद तुम्ही मागवा. तुमच्या नावावर काय लिहिलंय ते बघा."

लोकांनी मागवल्या. पंढरपूर रस्त्यावरच्या एका बाईंनी लिहिलं की दुसऱ्या एका सिनेमातल्या रुग्णालयाच्या दृश्यात त्या उठून बाहेर गेल्या होत्या, कारण महिन्यापूर्वीच त्यांची मुलगी गेली होती, आणि त्यांच्या रकान्यात 'हृदयस्पर्शी: यशस्वी' असं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दम्याचा झटका 'खळखळून हास्य' म्हणून निघाल्याचं कळवलं. पत्रांचा ढीग पडला. त्याचबरोबर उलटं लिहिणारेही होते. 'एवढं मनाला लावून घ्यायचं तर सिनेमे बघता कशाला?' 'बोल की मारुती' सहा आठवडे भरगच्च चालला. दोघांचे पास बंद झाले. मयूरीला प्राचार्यांनी लेखी समज दिली. रडारं खुर्च्यांतून काही निघाली नाहीत, पण जिल्ह्यातल्या दोन जुन्या थिएटरांनी ती बंद ठेवून तसा फलक लावला, आणि ग्राहक मंचात अठ्ठावीस जणांची एकत्र तक्रार दाखल झाली. पहिली सही व्यंकटेशची होती.

तक्रारीची तारीख लागली तसा पडसाद कंपनीचा फोन आला. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात सकाळी अकराला बैठक ठरली. अन्वय सबनीस नावाचे अधिकारी पुण्याहून आले होते. चाळिशीचे, हसतमुख, आवाजात साय. त्यांनी आधी माफी मागितली आणि ती मनापासून मागितल्यासारखी वाटली.

"चिप्पासर, तुमचा भाग मी तीनदा ऐकला," ते म्हणाले. "आमच्या यंत्राला दुःख ओळखता येत नाही, हे तुम्ही आम्हाला दाखवून दिलंत. आता आम्ही ते शिकवणार आहोत. त्रास, अपमान, जुन्या जखमा, सगळं वेगळं मोजायचं. त्यासाठी तुम्ही आमच्याबरोबर या. वर्षभर वेगवेगळे सिनेमे बघा, कुठे काय टोचलं ते सांगा, आम्ही ठोक्यांशी जुळवू. नव्या पद्धतीचा चेहरा तुम्ही असाल. तुमच्यासारखं बोलणाऱ्या हजारोंना न्याय मिळेल."

"आणि ती तक्रार?" मयूरीनं विचारलं.

"ती मग राहतेच कशाला, मॅडम? प्रश्नच सुटला."

मयूरी मनातून पेटली. हा माणूस अजून तेच म्हणत होता. आधी सामान्य प्रेक्षकांना न विचारता त्यांचं हसणं मोजलं, आता न विचारताच त्यांचं दुःख मोजणार, आणि त्याला न्याय म्हणणार. तिच्या ओठांवर दहा वाक्यं आली. ती सगळी धारदार होती आणि सगळी खरी होती. पण विचारलं व्यंकटेशला होतं. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि घोट घोट पीत राहिली.

व्यंकटेश समोरचा करार शांतपणे वाचत होता. चार पानं त्यानं पूर्ण वाचली. प्रस्ताव अगदीच वाईट नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. त्यानं कागद टेबलावर सरळ रचून ठेवले आणि मान वर केली.

"न…" तो म्हणाला. "न… न…"

सबनीसांचा चेहरा उजळला. पेनाचं टोपण काढून ते पुढे झुकले. "नक्की! नक्कीच ना, सर?"

व्यंकटेशनं हात वर करून त्यांना थांबवलं. सेकंद गेले, चार, पाच, सहा. सबनीस पेन धरून तसेच बसले होते. व्यंकटेशनं कुणाचीही मदत न घेता, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन, आपला शब्द पुरा केला.

"नाही."